गिटारचा नेक हाताला चिकटतो : आधी कारण शोधा, मग पेपर उचला

रावेर तालुक्यातल्या एका तरुण गिटारवादकाने विचारलं आहे, "दादा, नेक हातले चिटकस. काय करू?" दिवसा केळीच्या बागेतलं काम आणि लग्नसराईत रात्री हळदीच्या कार्यक्रमांत गिटार, असा त्यांचा दिनक्रम. गिटार इलेक्ट्रिक, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅट या मॉडेलच्या आकाराची, नेक (तारांखालचा लांब दांडा) मेपल लाकडाचा, मागून काचेसारखा चमकणारा आणि चार स्क्रूंनी बसवलेला. तिसऱ्या फ्रेटवरून (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवरून) बाराव्याकडे झटकन जायचं म्हटलं की अंगठ्यामागचा मांसल भाग अडतो आणि सूर उशिरा लागतो. मित्राने सल्ला दिलाय की शंभर नंबरचा, म्हणजे खूप खरखरीत, सँडपेपर मारून सगळं फिनिश (लाकडावरचा चमकदार लेप) काढ, लाकूड उघडं कर आणि वरून शेंगदाण्याचं तेल चोळ.

भाऊ, थेट उत्तर आधी देतो. पेपर किंवा पॅड मारायचा, पण शंभरचा नाही. फिनिश काढायचं नाही, त्याची फक्त चमक मोडायची. आणि शेंगदाण्याचं तेल भरताच्या फोडणीला ठेवायचं, गिटारला लावायचं नाही. मात्र तुमच्या नेकला हा उपाय लागू पडतो का, हे आधी तपासावं लागेल. वाद्यदुरुस्तीच्या टेबलावर 'नेक चिकटतो' ही एकच तक्रार घेऊन येणाऱ्या गिटारींची दुखणी तीन प्रकारची असतात. एकीवर मळाचा थर बसलेला असतो. दुसरीचं फिनिश धडधाकट असतं, पण चमक जास्त म्हणून ओला हात त्याला धरून बसतो. तिसरीचं फिनिशच मऊ पडलेलं असतं. पहिलीला पेपर लागतच नाही, दुसरीला हलका हात पुरतो आणि तिसरीवर पेपर मारला तर काम बिघडतं.

सुरुवात मळापासून करा. जुन्या धोतराचं किंवा बनियनचं मऊ सुती कापड घ्या, पाण्यात भांडी धुवायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, कापड घट्ट पिळा आणि नेकची मागची बाजू हेडस्टॉकपासून, म्हणजे खुंट्यांच्या टोकापासून, बॉडीपर्यंत पुसा. लगेच कोरड्या कापडाने टिपून घ्या. कापड करडं-पिवळं झालेलं दिसेल. हळदीच्या मांडवात वाजवणाऱ्याच्या नेकवर घाम, खोबरेल तेल, हळद, धूळ असं सगळं एकावर एक बसत जातं. तुमच्या बाबतीत त्यात केळीचा चीकही आहे. तो हाताच्या रेषांत राहतो, नेकवर लागून वाळला की तपकिरी होतो आणि साबणाने पूर्ण निघेलच असं नाही. तेलकट थर उरला असेल तर सिगारेटच्या लायटरमध्ये भरतात ते लायटर फ्लुइड कापडावर थोडं घेऊन पुसा. ते बहुतेक गिटार-फिनिशना इजा करत नाही आणि भरकन उडून जातं. पण ते पटकन पेट घेतं, म्हणून मोकळ्या हवेत बसा आणि जवळ शेगडी किंवा अगरबत्ती नको. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी नेक पुसायचा नाही. सिलिकॉनवालं फर्निचर पॉलिशही नको. त्याचा अंश लाकडात-फिनिशमध्ये राहिला, तर पुढे कधी नवीन थर द्यायची वेळ आली की त्यात खड्ड्यांसारखे गोल डाग पडतात.

आता हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा आणि सकाळी, ऊन चढायच्या आत, गिटार हातात घ्या. या कोरड्या हाताखाली नेक सुळकन सरकतो आणि रात्री मांडवातल्या लाइटखाली घाम आला की धरतो, असं असेल तर दुखणं दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे चमकेचं आहे. तुम्ही केलेल्या वर्णनावरून मला हेच वाटतं. पण सकाळी, कोरड्या हातालाही तो ओढ देत असेल, तर पट्टा लागतो त्या बाजूला किंवा स्टँड टेकतो त्या जागी अंगठ्याचं नख हलकं दाबून बघा. खूण उमटली तर फिनिश मऊ आहे. त्याबद्दल पुढे सांगतो, तोवर पेपरला हात लावू नका.

चमकदार फिनिश ओल्या हाताला का धरतं, हे नीट समजलं तर पुढचं सगळं आपोआप कळतं. ओल्या दोन काचा एकमेकींवर ठेवल्या तर त्या सरकवायला जोर लागतो, तेच इथे घडतं. पृष्ठभाग जितका सपाट आणि गुळगुळीत, तितकी त्वचेची जास्त जागा त्याला टेकते, आणि मधला घामाचा पातळ पापुद्रा दोन्हींना एकत्र धरून ठेवतो. पृष्ठभागावर अगदी बारीक, एकाच दिशेने जाणाऱ्या रेषा पाडल्या तर त्वचा फक्त रेषांच्या माथ्यांवर टेकते. टेकलेली जागा कमी झाली की ओढही कमी होते. कारखान्यातून सॅटिन, म्हणजे मंद चमकेचे, नेक येतात त्यामागचं तत्त्व हेच. म्हणजे लाकूड उघडं करायची गरजच नाही. वरच्या थराची चमक मोडली की काम झालं. उलट हेही लक्षात घ्या, फार बारीक पेपर, म्हणजे दोन-तीन हजारांच्या पुढचा, मारला तर पृष्ठभाग पुन्हा चमकेकडे जातो आणि मेहनत वाया जाते.

साहित्यासाठी ऑनलाइन मागवायची गरज नाही. जळगाव, भुसावळ, धुळ्याला गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात राखाडी रंगाचं स्कॉच-ब्राइट पॅड मागा. तिथे मरून आणि राखाडी असे दोन रंग सहसा मिळतात. मरून जास्त खरखरीत, राखाडी बारीक. नेकला राखाडी. घरातलं भांड्यांचं हिरवं पॅड वापरायचा मोह होतो, पण ते भांड्याला चिकटलेलं करपलेलं काढायला बनवलेलं असतं. त्याचे चरे खोल आणि असमान पडतात, आणि ते अंगठ्याला लागत राहतात. राखाडी पॅड मिळालंच नाही तर आठशे किंवा हजार नंबरचा वॉटर पेपर चालेल, मात्र कोरडा वापरा. गाडीच्या पत्र्यावर पाणी मारून घासतात तसं नेकवर करू नका. खुंट्यांच्या आणि स्क्रूंच्या भोकांच्या कडेला फिनिशचं संरक्षण नसतं. तिथून पाणी आत शिरलं की लाकूड फुगतं आणि भोकाभोवती फिनिश तडकतं.

स्टील वूलबद्दल वेगळं सांगतो, कारण परदेशी व्हिडिओंत सगळे तेच वापरताना दिसतात. चार शून्यांचं, म्हणजे अगदी बारीक पोलादी तंतूंचं, स्टील वूल काम उत्तम करतं, पण घासताना त्याचे लोखंडी कण झडतात आणि इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधली (तारांचा कंप पकडणाऱ्या भागातली) चुंबकं ते ओढून घेतात. पिकअपच्या खांबांवर केसाळ करडी दाढी उगवल्यासारखं दिसतं. ती काढताना जीव जातो, आणि राहिली तर पावसाळ्यात गंजते. वापरायचंच असेल तर नेक बॉडीपासून सोडवून, बॉडी दुसऱ्या खोलीत ठेवून वापरा. राखाडी पॅड मिळत असताना हा उद्योग करायचं कारण मला दिसत नाही.

आता प्रत्यक्ष काम. तुमचा नेक स्क्रूंवर आहे, त्यामुळे तो सोडवून करणं सोपं. तारा सैल करून काढा, मागचे चार स्क्रू काढा आणि कुठला स्क्रू कुठल्या भोकातला ते कागदावर चौकोन काढून त्यात टोचून ठेवा. हील (नेकचं बॉडीत बसणारं टोक) आणि बॉडीतली नेकची खाच यांच्या मध्ये पातळ पत्र्याचा किंवा कागदाचा तुकडा सापडला तर तो तसाच, त्याच जागी परत जायला हवा. तो नेकचा कोन ठरवण्यासाठी असतो. नेक न सोडवता करायचं असेल तर पिकअपवर आणि बॉडीच्या कडेवर मास्किंग टेप लावा, तारा सैल करा आणि गिटार पालथी उशीवर ठेवा.

मास्किंग टेप नेकवर तीन ठिकाणी हवी. फ्रेटबोर्डच्या, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पुढच्या पट्टीच्या, दोन्ही कडा पूर्ण झाका. तुमचा फ्रेटबोर्डही मेपलचा असेल तर त्यावरही फिनिश आहे आणि तिथे काही करायचं नाही. दुसरी पट्टी हेडस्टॉक सुरू होतो तिथे आडवी, तिसरी हीलच्या वळणावर आडवी. या दोन आडव्या पट्ट्यांमुळे चमकदार आणि मॅट भागांमधली सीमारेषा सरळ येते. टेप न लावता केलेलं काम हाताला चांगलं लागतं, पण डोळ्याला धुळीचा डाग पडल्यासारखं दिसतं.

पॅडचा तळहाताएवढा तुकडा कापा आणि तो नेकच्या गोलाईवर तळहाताने धरा. बोटांनी दाबू नका. बोटांचा दाब चार वेगळ्या जागी पडतो आणि तिथे पट्टे उमटतात. हेडस्टॉककडून हीलकडे, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, एका लांब ओढीत हात न्या आणि तसाच परत आणा. आडवं, गोल किंवा बूट पॉलिश करतात तसं फडकं दोन्ही बाजूंनी ओढून कधीच नाही. आडवे चरे डोळ्याला दिसत नाहीत, पण अंगठा लांबीच्या दिशेने सरकतो तेव्हा प्रत्येक चरा त्याला अडवतो. दाब किती द्यायचा, तर पॅड नेकवरून पडू नये इतकाच.

आठ-दहा ओढींनंतर थांबा, कोरड्या कापडाने पुसा आणि नेक खिडकीच्या उजेडात तिरका धरा. बघण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, कापडावर आलेली भुकटी. ती पांढरी, पिठासारखी कोरडी हवी. पॅडमध्ये किंवा पेपरवर बारीक चिकट गुठळ्या धरायला लागल्या तर फिनिश मऊ आहे. तिथेच थांबा. दोन, चमकेचे उरलेले ठिपके. नेकच्या मधोमध लवकर मॅट होतं आणि फ्रेटबोर्डला लागून असलेल्या दोन्ही खांद्यांवर चमक राहते, कारण तळहाताचा दाब तिथे पोचत नाही. त्या जागी पॅड थोडा कलता धरून आणखी काही ओढी द्या. सगळीकडे सारखी, दुधाळ झाक आली की संपलं. बहुतेक नेकना एवढ्यासाठी थोडाच वेळ लागतो. थांबायचं कसं हे कळणं हेच या कामात अवघड, कारण पॅड हातात असला की हात आणखी दोन ओढी मारतोच. भुकटी तोंडानाकात जाऊ देऊ नका, साधा मास्क लावा.

थांबायचा आग्रह एवढा का? फिनिशचा थर तसा पातळ असतो. नायट्रोसेल्युलोज लॅकरचा (याला थोडक्यात नायट्रो म्हणतात) थर मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाच्या आसपास असतो. पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टर त्याहून जाड असतात, पण कडांवर आणि वळणांवर तेही पातळच. तिथे पेपर आरपार गेला की मेपल उघडं पडतं. मेपल फिकट, घट्ट लाकूड. ते घाम आणि मळ शोषून करडं, काळपट होतं. आणि तुम्ही हळदीत वाजवता! हळदीचा हात उघड्या मेपलला लागला की पिवळा रंग लाकडाच्या आत उतरतो. उन्हात तो हळूहळू फिका पडतो खरा, पण नेक उन्हात ठेवणं हा उपाय नाही. मॅट केलेल्या फिनिशवरून तीच हळद ओल्या कापडाने बरीचशी निघून जाते. म्हणून मित्राचा सगळं काढून टाकायचा सल्ला तुमच्यासारख्याला तर मुळीच नको.

शेंगदाण्याच्या तेलाबद्दल. वनस्पती तेलांचे यात दोन गट पडतात. अळशीचं तेल किंवा टंग तेल हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून वाळतं आणि लाकडावर पातळ, कठीण पापुद्रा होतो. शेंगदाणा आणि खोबरेल वाळतच नाहीत. ते तसेच ओले राहतात, धूळ धरतात आणि खवट होतात. म्हणजे चिकटपणा घालवायला लावलेलं तेलच कायमचा चिकटपणा होऊन बसतं. काही नामवंत गिटार कारखाने, उदाहरणार्थ म्युझिक मॅन, नेकला बंदुकीच्या दस्त्याला लावतात ते तेल आणि मेण लावतात, आणि त्या नेकवर हात फार छान सरकतो. पण ते तेल वाळणाऱ्या जातीचं असतं, थर पातळ असतात आणि मालकाला वर्षातून एक-दोनदा काळजी घ्यावी लागते. कुणाला तसं करायचंच असेल तर रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड अळशीचं तेल घ्या, खायचं कच्चं नाही. कच्चं वाळायला आठवडेच्या आठवडे घेतं. आणि पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं. चुरगळलेल्या चिंधीत ती साठत जाते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा तर हा धोका हसण्यावारी नेऊ नका. चिंध्या पाण्याने भरलेल्या डब्यात टाका किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा.

टाल्कम पावडर बरेच जण लावतात. पहिली दोन गाणी हात सरकतो. मग घाम आणि पावडर मिळून लगदा होतो आणि तारांखाली, फ्रेटच्या कडेला जाऊन बसतो. मेणही मी लावत नाही. उन्हाळ्यात ते मऊ होतं आणि धूळ धरतं.

आता तिसरं दुखणं, मऊ पडलेलं फिनिश. यात फिनिश कुठलं हे कळणं महत्त्वाचं. फेंडरने १९६०च्या दशकाच्या अखेरीस नायट्रोकडून पॉलिएस्टरकडे वळायला सुरुवात केली, गिब्सन ही दुसरी गिटार कंपनी मात्र आजही नायट्रो लावते. आपल्याकडे दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक परवडणाऱ्या गिटारींवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर असतं, म्हणून तुमची गिटार जवळजवळ नक्की त्याच गटातली आहे. हे दोन्ही, म्हणजे पॉली, एकदा पक्कं झालं की पुन्हा विरघळत नाही. नायट्रो कायम थिनरमध्ये विरघळतं आणि उष्णतेने नरम होतं. खात्री करायची तर नेक सोडवल्यावर हीलच्या खाली, बॉडीत झाकल्या जाणाऱ्या भागात, फिनिश असलेल्या ठिकाणी कापसाच्या काडीने ॲसिटोनचा एक थेंब लावा. विरघळून चिकट झालं तर नायट्रो, काही फरक पडला नाही तर पॉली. दिसणाऱ्या भागावर ही परीक्षा करायची नाही.

नायट्रोवाल्या नेकला रबरी किंवा फोमचा स्टँड, व्हिनाइलचा पट्टा, रेक्झिनच्या पिशवीचं अस्तर ही मंडळी त्रास देतात. त्यांच्यातले प्लास्टिक मऊ ठेवणारे पदार्थ हळूहळू लॅकरमध्ये उतरतात आणि ते कायमचं मऊ करतात. भर उन्हात टेम्पोत पडलेल्या नेकवर पिशवीच्या कापडाची जाळीही उमटते. इलाज असा, की ज्याने बिघडवलं ते आधी दूर करा, लायटर फ्लुइडने पुसा आणि नेक काही आठवडे सावलीत, हवेशीर जागी टांगून ठेवा. वरवरचं असेल तर बरंचसं कडक होतं आणि मग हलका पॅड चालतो. नखाची खूण तरीही उमटत राहिली तर ते लॅकर काढून नव्याने फवारावं लागतं. ते काम लॅकरची सवय असलेल्याकडेच द्या.

आणखी एक प्रकार आमच्या भागात खूप येतो. कुणीतरी हौसेने फर्निचरचं व्हार्निश नेकवर ब्रशने जाड मारलेलं असतं, तेही मळ न काढता आणि ऐन श्रावणात. वरचा पापुद्रा वाळतो, आतलं ओलंच राहतं. आठवडे लोटूनही नख रुतत असेल तर ते पुढेही वाळणार नाही. टर्पेंटाइनने पुसून जितकं निघतं तितकं काढा, पूर्ण वाळू द्या आणि मग खाली मूळ फिनिश शाबूत आहे का ते बघा. बऱ्याचदा असतं, आणि राखाडी पॅड तिथे आपलं काम करतो.

तर तुमच्यापुरता क्रम असा : आधी धुऊन-पुसून बघा, मग सकाळी कोरड्या हाताने, मग नखाने तपासा. चमकच कारण ठरलं तर टेप, राखाडी पॅड, लांब सरळ ओढी. आणि कोणाला पुढे मन बदललं तरी हे परत फिरवता येतं. दीड-दोन हजारांचा पेपर आणि गाडीच्या रंगाचं रबिंग कंपाउंड मारलं की चमक पुन्हा येते. सगळं काढून टाकलेलं फिनिश असं परत येत नाही.

उन्हाळ्यात नेकच्या कडेला टोचत असेल तर ते वेगळं. कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर डोकावतात. पॅडने ती जात नाहीत, त्यांना बारीक कानस लागते.

नेक परत बसवताना प्रत्येक स्क्रू आधी उलट दिशेने हळू फिरवा. खट करून तो जुन्या आट्यात बसल्याचं हाताला कळतं. मग सुलट घट्ट करा. असं न करता जोरात फिरवला तर मेपलमध्ये नवे आटे पडतात आणि भोक सैल होतं. चारही स्क्रू थोडे थोडे, तिरक्या जोड्यांनी आवळा. तारा चढवून सुरात लावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सूर तपासा, कारण तारांचा ताण गेल्याने नेक थोडा सरळ झालेला असतो आणि परत जागेवर यायला त्याला रात्र लागते.

अंगठा जिथे जास्त फिरतो तिथे काही महिन्यांनी हातानेच पुन्हा चमक येईल. तेव्हा तेवढ्याच पट्ट्यावर पॅडच्या चार ओढी पुरतात. वाजवण्याआधी हात धुवा, खास करून बागेतून आल्यावर, आणि वाजवून झाल्यावर कोरडं कापड नेकवरून एकदा फिरवा. हे केल्यावरही घाम आल्यावर नेक धरत असेल, तर हीलच्या त्या परीक्षेत काय दिसलं आणि पॅडवर कशी भुकटी आली, एवढं मला कळवा.